शिडी : चढण्याची आणि उतरण्याची

वार्षिकांकासाठी लेख द्यावेत अशी सूचना फलकावर लागली तेव्हा वर्गातील मैत्रिणींनी मोठमोठे विषय घेतले. कोणी झाडीपट्टी रंगभूमी घेतली, कोणी पर्यावरण, कोणी संतसाहित्य. मी 'शिडी' म्हटल्यावर सगळ्या हसल्या. "तुझ्या घरी शिड्यांचे दुकान आहे का?" असेही एकीने विचारले. दुकान नाही, पण माझे वडील दरवर्षी एक शिडी बांधतात, आणि यंदा एका शिडीमुळे आमच्या खोलीतील एका मुलीचे कॉलेज सुटता सुटता राहिले. म्हणून हा विषय. वाचकांनी हसून झाल्यावर पुढे वाचावे, एवढीच विनंती.

मी चंद्रपुरात एका वसतिगृहात राहते. खोलीत चार मुली आणि जागा लहान, म्हणून एकावर एक अशा दुमजली लोखंडी खाटा. वरच्या खाटेवर जाण्यासाठी खाटेच्याच कडेला तीन पायऱ्यांची लोखंडी शिडी जोडलेली. आमच्याकडे एक अलिखित नियम होता. जुन्या मुलींनी खाली झोपायचे, नव्यांनी वर. पहिल्या वर्षी मी वर झोपले. यंदा मी खाली आले आणि माझ्या वरची खाट एटापल्ली तालुक्यातून आलेल्या प्रथम वर्षाच्या मुलीला मिळाली. तिची मातृभाषा माडिया. तिच्या गावातून कॉलेजात आलेली ती पहिलीच मुलगी. घरी ती जमिनीवर नाहीतर बाजेवर झोपलेली. "मला खाली चालेल का?" असे तिने पहिल्या दिवशी मला विचारले होते. मी नियम सांगितला.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एका रात्री दोनच्या सुमारास ती पाणी पिण्यासाठी उतरू लागली. वीज गेलेली होती. एका हातात मोबाईलचा उजेड, दुसऱ्या हाताने शिडी धरलेली. मला जाग आली ती तिच्या पडण्याच्या आवाजाने. ती पाठीवर पडली होती आणि तिचा हात माझ्या पत्र्याच्या पेटीवर आपटला होता. मनगटाचे हाड मोडले.

तिचे वडील दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचले. ते रागावले नाहीत, हेच मला जास्त लागले. तिची खाट कोणती एवढेच त्यांनी विचारले, वर बघत थोडा वेळ उभे राहिले, आणि तिला घेऊन गेले. तिला शिकायला पाठवावे की नाही याबद्दल त्यांच्या घरी आधीच दोन मते होती, हे आम्हाला ठाऊक होते. प्लास्टर सहा आठवड्यांचे होते. पण ती परत येईल असे कोणी म्हणेना. "तिला सवय नव्हती", "घाबरट आहे", असे आम्ही आपापसात बोललो. मीही बोलले. असे बोलले की मनाला बरे वाटत होते.

वडिलांचा प्रश्न

पोळ्याला मी गावी गेले. आमचे गाव सिंदेवाही तालुक्यात, धानाच्या मुलखात. वडील अंगणात शेतातल्या मचानासाठी नवी शिडी बांधत बसले होते. त्यांच्याजवळ बसून मी सगळी हकीकत सांगितली. ती किती घाबरट होती हेही सांगितले. वडील चौथी शिकलेले. त्यांनी हातातला दोर न सोडता एकच प्रश्न विचारला, "खालची दांडी भुईपासून किती वर होती वं?"

मला उत्तर देता आले नाही. वर्षभर त्या शिडीने मी चढले-उतरले होते, आणि तिची खालची पायरी जमिनीपासून किती उंच आहे हे मला माहीत नव्हते.

वडील म्हणाले, "तिथंच पाय. पोरगी नाई चुकली, दांडी चुकली. निसनी चढासाठी नसते पाहाची, उतरासाठी पाहाची."

या लेखात मला जे सांगायचे आहे ते सारे या दोन वाक्यांत आलेले आहे. पुढचे केवळ त्याचे स्पष्टीकरण.

आमच्या घरी शिडीला 'निसनी' म्हणतात. कॉलेजात आल्यावर हा शब्द गावंढळ वाटून मी तो सोडून दिला होता. पण शिडीला संस्कृतात 'निःश्रेणी' म्हणतात आणि त्याचेच हे रूप आहे, हे कळल्यावर माझी मलाच लाज वाटली. 'मचान' हा शब्दही 'मंच' या घराण्यातलाच. तेव्हा आमच्या शेतात निःश्रेणीने मंचावर चढून रानडुकरे हाकलतात, असे म्हटले तरी चालेल!

मचान कशासाठी?

शहरातील वाचकांसाठी थोडी माहिती देते. चंद्रपूर-गडचिरोलीकडे शेत संपते तिथे जंगल सुरू होते. धान निसवायला लागले की रात्री रानडुकरे येतात. चितळ येतात, काही भागात रोही येतात. एका रात्रीत बांधीच्या बांधी लोळवून जातात. म्हणून जागल करावी लागते. जमिनीवर झोपून जागल करता येत नाही. साप आहेत, अस्वल आहे, वाघ आहे. त्यामुळे चार खांब रोवून किंवा झाडाच्या बेचक्यात आठ-दहा फुटांवर बांबूचा पलंग बांधतात. तेच मचान. वर पऱ्हाटीचे किंवा गवताचे छप्पर, खाली धुरा, आणि मध्ये शिडी.

मचानाला जनावरे चढत नाहीत अशी अनेकांची समजूत असते. अस्वल आणि बिबट्या झाडावर सहज चढतात. शिवाय २०२१ पासून छत्तीसगडच्या बाजूने रानहत्तींचा कळप गडचिरोलीत ये-जा करू लागला आहे. त्यांच्यापुढे चार खांबांच्या उंचीचा उपयोग नाही. मचानामुळे मुख्यतः दूरवर दिसते, ओल लागत नाही आणि साप-विंचवापासून बचाव होतो. बाकी भरवसा आवाजावर आणि उजेडावर.

मचानाचा दुसरा उपयोग आमच्याच जिल्ह्यात सर्वांना माहीत आहे. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९९५ साली ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प. तेथे बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याजवळच्या मचानांवर बसून प्राण्यांच्या नोंदी करतात. दिवस उतरण्याआधी वर चढायचे आणि सकाळ होईपर्यंत खाली यायचे नाही. पाणी, डबा, पांघरूण सारे आधीच वर न्यायचे. यातही शिडीचा एक धडा आहे. रात्री उतरावेच लागू नये अशी तयारी करणे, हा पडण्यावरचा पहिला उपाय होय. आमच्या मैत्रिणीच्या खाटेजवळ पाण्याची बाटली टांगायला एक खिळा असता तर ती त्या रात्री उतरलीच नसती.

वडील म्हणतात, "आपल्या गावात मचानावरून वाघानं नेलेला कोणी नाई. पण निसनीवरून पडलेले चार जण आहेत." त्या चौघांत एक ते स्वतः. विशीत असताना पडले. डावा पाय अजूनही थंडीत दुखतो. चौघेही उतरताना पडले, चढताना कोणीच नाही.

हे असे का व्हावे? चढताना माणूस जागा असतो, डोळ्यांसमोर पुढची पायरी असते, हात पुढे असतात. उतरताना पायरी दिसत नाही, ती पायाला शोधावी लागते. त्यात रात्र, डोळ्यांत झोप आणि अंग जड. चढताना चुकलेला पाय जागच्या जागी राहतो. उतरताना चुकलेला पाय सगळ्या शरीराला खाली घेऊन जातो. म्हणून शिडी निवडायची ती मध्यरात्री, अर्धवट झोपेत, अंधारात उतरणाऱ्या माणसासाठी. भर दुपारी हसत चढणाऱ्याला कोणतीही शिडी चालते.

तीन तऱ्हेच्या शिड्या

आमच्या भागात मचानासाठी तीन प्रकारच्या शिड्या पाहायला मिळतात.

पहिली खाचांची. एकाच जाड लाकडाला कुऱ्हाडीने खाचा पाडायच्या आणि ते टेकवून ठेवायचे. करायला सोपी, टिकायला बळकट. पण गोल लाकूड असल्यामुळे वजन एका बाजूला गेले की ते लोळते. वडील पडले ते याच शिडीवरून.

दुसरी फांद्यांची. कटांग बांबूच्या फांद्या दणकट असतात. त्या वीतभर ठेवून बाकी छाटल्या की एका बांबूचीच शिडी होते. मजुरी कमी, वजन कमी. परंतु पायऱ्या एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे अशा येतात आणि त्यांतले अंतर बांबूच्या पेरांवर अवलंबून असते, माणसाच्या पायावर नव्हे. अंधारात हा मोठा दोष.

तिसरी दोन उभ्या बांबूंना आडव्या दांड्या बांधलेली. हिला मेहनत जास्त लागते, पण अंतरे आपल्या हातात राहतात. वडील पडल्यापासून हीच बांधतात. दांडी बांधण्याची त्यांची रीत लक्षात ठेवण्यासारखी आहे. बांबूला भोक पाडून दांडी घुसवली तर बांबू तिथेच चिरतो. म्हणून ते भोक पाडत नाहीत. उभ्या बांबूच्या पेराच्या गाठीवर दांडी टेकवतात आणि मग दोराने आवळतात. दोर पुढे सैल झाला तरी गाठीमुळे दांडी खाली घसरत नाही. दोन बांबूंच्या गाठी एका पातळीत याव्यात म्हणून ते बांबूंची जोडी निवडण्यातच अर्धा दिवस घालवतात. मला पूर्वी हा वेळेचा अपव्यय वाटे.

पाच मापे

वडिलांनी त्या दिवशी मला शिडीची मापे सांगितली. ती त्यांच्या भाषेत वीत, हात आणि बोटे अशी होती. मी ती इंचांत करून घेतली आहेत. बांधकामावरचे जाणकारही जवळपास हीच मापे पाळतात, असे नंतर माझ्या लक्षात आले.

पहिले माप उताराचे. चार हात उंच चढायचे असेल तर शिडीचा पाय एक हात बाहेर. भूमितीच्या भाषेत हा कोन साधारण ७५ अंशांचा होतो. यापेक्षा शिडी उभी असली तर शरीराचा भार पायांमागे जातो आणि सारे वजन हातांवर लोंबते. जास्त आडवी असली तर तिचा पाय सरकतो आणि बांबू मध्ये वाकतो. फूटपट्टी नसेल तर शिडीच्या पायाला अंगठे लावून सरळ उभे राहावे आणि हात खांद्याच्या रेषेत पुढे करावेत. तळवे दांडीला सहज लागले की उतार बरोबर.

दुसरे माप पायऱ्यांमधील अंतराचे. दहा ते बारा इंच ठीक. परंतु किती इंच यापेक्षा महत्त्वाचे हे की सर्व अंतरे सारखी हवीत, आणि त्यांत शेवटच्या पायरीपासून जमिनीपर्यंतचे अंतरही धरायचे. दोन पायऱ्या उतरल्या की पाय अंतर शिकतो. तिसऱ्या वेळी तो डोळ्यांना विचारत नाही, तेवढ्याच अंतरावर आधार असणार असे धरून चालतो. तिथे आधार नसला की माणूस जातो.

तिसरे माप पायरीच्या रुंदीचे. रात्री खाटेवरून उतरणारा माणूस अनवाणी असतो. बारीक गोल सळई तळव्यात रुतते, दुखते, आणि दुखणारा पाय घाईने उचलला जातो. वडील प्रत्येक पायरीला दोन दांड्या शेजारी शेजारी बांधतात. शिवाय दांडीमागे पंजा आत जाण्यास जागा हवी. नुसत्या बोटांवर कोणी उभे राहू शकत नाही.

चौथे माप वरच्या टोकाचे. शिडी मचानापाशी संपता कामा नये. तिचे उभे बांबू दोन-तीन फूट वर गेलेले हवेत. उतरण्यातला सर्वांत अवघड क्षण म्हणजे पलंगावरून वळून पहिला पाय खाली सोडण्याचा. त्या क्षणी हाताला धरायला काही नसेल तर पुढची सर्व मापे फुकट.

पाचवे माप पायाचे. शेतात शिडीची टोके वीतभर मातीत गाडतात. फरशीवर ते शक्य नाही, म्हणून तिथे न घसरणारे काहीतरी हवे, आणि वरचे टोक पलंगाला पक्के अडकवलेले हवे.

यानंतर वडिलांनी उतरण्याची रीत सांगितली. तोंड शिडीकडे, पाठ बाहेर. दोन हात आणि एक पाय, किंवा दोन पाय आणि एक हात, असे तीन आधार कायम शिडीवर. हातात काही घ्यायचे नाही, बॅटरी गळ्यात. पहिला पाय सोडण्याआधी खाली उजेड टाकून जमीन पाहायची.

खोलीतील मोजमाप

परत आल्यावर मी शिवणाच्या टेपने आमच्या खाटेची शिडी मोजली. वरच्या खाटेची फळी जमिनीपासून ६० इंचांवर. तिच्याखाली १३ इंचांवर पहिली पायरी, मग १३ वर दुसरी, मग १३ वर तिसरी. तिथून जमीन २१ इंच.

टेप हातात धरून मी बराच वेळ खालीच बसले. तीन वेळा तेरा तेरा इंच उतरलेला पाय चौथ्या वेळी तेरा इंचांवर जमीन शोधत होता. जमीन आणखी आठ इंच खाली होती. तिने पाय टाकला, लागले काहीच नाही, एका हातात मोबाईल होता आणि दुसरा हात सुटला. यात घाबरटपणा कुठेच नव्हता. मग मला आठवले की मी स्वतः वर्षभर त्या शेवटच्या ठिकाणी उडी मारत होते. मला उडी मारण्याची इतकी सवय झाली होती की उडी मारावी लागते हेच मी विसरले होते. आपल्याला सवय झालेली अडचण दुसऱ्याला दिसली की आपण त्याला घाबरट म्हणतो.

शिडी अगदी उभीही होती आणि दांडीमागे चार बोटेही जागा नव्हती. सळई पाऊण इंचाची. वरच्या टोकाला धरायला काही नाही. पाचांपैकी एकही माप बरोबर नव्हते.

यात खाट बनविणाऱ्याचा दोष काढणे सोपे आहे. पण त्याच्यापुढेही जागेची अडचण असते. उतार द्यायचा तर शिडी बाहेर येते आणि वाट अडते. जिथे जिथे माणसांना थोड्या जागेत एकावर एक झोपावे लागते तिथे हाच पेच आहे. सहलीला जाताना बल्लारशाहून आम्ही रेल्वेच्या शयनयानात बसलो, तेव्हा मी मुद्दाम वरच्या बर्थची शिडी पाहिली. ती उभीच असते, कारण वाट मोकळी हवी. म्हणून जास्त वयाच्या प्रवाशांना शक्यतो खालचा बर्थ देण्याची सोय रेल्वेने ठेवली आहे. शिडी सुधारता येत नसेल तर वर कोणाला चढवावे याचा तरी विचार करावा, एवढे शहाणपण त्यात आहे. आम्ही मात्र जिला सवय नाही तिलाच नेमके वर पाठवत होतो.

परदेशात मोटारीतच घर थाटून फिरण्याची पद्धत आहे. आपल्या राज्य शासनानेही २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. अशा गाडीत ड्रायव्हरच्या डोक्यावर झोपण्याची जागा असते. तिथे जाण्यासाठी वरून आकड्यांनी अडकवायची आणि दिवसा काढून ठेवायची शिडी वापरतात. म्हणजे रात्री उतार मिळतो आणि दिवसा वाटही मोकळी राहते. आमच्या खोलीलाही हीच युक्ती लागू होती.

बांबूची निवड

वडिलांना फोन केला. ते म्हणाले, "बांबू घेऊन येतो."

शिडीला कोणताही बांबू चालत नाही. आमच्या जंगलात मुख्यत्वे मिळणारा मानवेल बांबू बहुतेक भरीव असतो आणि शिडीला तोच उत्तम. बांबूचा कोंब एकाच पावसाळ्यात पूर्ण उंच होतो, म्हणून तो लगेच तयार झाला असे वाटते. परंतु आत कणखर व्हायला त्याला सुमारे तीन वर्षे लागतात. उंची लवकर येते, बळ उशिरा. तोडायचा तो पावसाळा संपल्यावर, हिवाळ्यात. ओल्या दिवसांत तोडलेल्या बांबूत पिष्टमय अंश जास्त असतो आणि त्याला भुंगेरे लवकर लागतात. तोडल्यावर काही दिवस पाण्यात बुडवून ठेवला तर हा अंश कमी होतो. चंद्रपूर-मूल रस्त्यावर चिचपल्ली येथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. बांबू टिकाऊ करण्यासाठी हल्ली बोरॅक्स आणि बोरिक आम्लाच्या पाण्याची प्रक्रिया करतात. आमच्या वडिलांचे साधन गावचा तलाव.

बांबू जंगलात उभा असला तरी तो सहजी आपला होत नाही, हेही या जिल्ह्यांतील मुलांनी जाणून घेतले पाहिजे. १९२७ च्या वन कायद्यात बांबूची गणना झाडांत केलेली होती. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू हे गौण वनोपज ठरले. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचे पुस्तक तिथल्या ग्रामसभेच्या हाती आले. २०१७ साली १९२७ च्या कायद्यातील झाडाच्या व्याख्येतूनही बांबू काढण्यात आला, त्यामुळे जंगलाबाहेर लावलेला बांबू तोडणे-नेणे सोपे झाले. आमच्या गावात मचानापुरते बांबू निस्ताराच्या रिवाजाने मिळत आले आहेत. जिथे दोन बांबूंसाठीही विचारावे लागत होते तिथे माणसाने खाचांच्या लाकडावर वेळ मारून नेली, यात नवल नाही.

वडील आले ते पॅसेंजरने चांदा फोर्ट स्टेशनवर. खांद्यावर मागच्या हिवाळ्यात तोडलेले सात सात फुटांचे दोन बांबू आणि दांड्यांची मोळी. मुलींच्या वसतिगृहात त्यांना आत येता येत नव्हते. फाटकाजवळच्या झाडाखाली बसून त्यांनी शिडी बांधली. मी आतून मापे आणून देत होते. साठ इंचांचे सहा सारखे भाग, म्हणजे दहा दहा इंचांवर पाच पायऱ्या; शेवटच्या पायरीपासून जमीनही दहाच इंच. प्रत्येक पायरीला दोन दांड्या. उभे बांबू खाटेच्या वर दीड फूट. त्याहून वर नेले असते तर झोपणारीच्या डोक्याला लागले असते. खालच्या टोकांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे रबर, आणि वर वेल्डिंगच्या दुकानातून वाकवून आणलेले दोन लोखंडी आकडे. शिडीचा पाय खाटेपासून पंधरा इंच बाहेर येतो. दोन खाटांमध्ये तीन फुटांची वाट आहे, म्हणजे रात्रीही एक मुलगी जाऊ शकते. सकाळी शिडी काढून कोपऱ्यात उभी करायची.

वडिलांनी जाताना बजावले, "महिन्याभरानं बांध पुन्हा आवळ." बांबू वाळताना थोडा आकसतो आणि दोर ढिला पडतो, म्हणून. दर पावसाळ्यानंतर प्रत्येक पायरी हाताने हलवून पाहायची. चिरलेल्या बांबूवर दोर गुंडाळून काम भागवायचे नाही, तो बदलायचा.

पहिल्या रात्री गादी खाली टाकून आम्ही शिडीची परीक्षा घेतली. खालच्या पायरीपासून सुरुवात करून एकेका पायरीवर दोन दोन मुली उभ्या राहिल्या. शिडी कुरकुरली, पण हलली नाही. मग वरच्या खाटेवर कोणी झोपायचे हा प्रश्न आला. मी माझी गादी वर नेली. दिवा घालवून अर्ध्या रात्री मुद्दाम उतरून पाहिले. पाच पायऱ्या आणि सहावी जमीन. जमीन जिथे असायला हवी तिथेच होती.

मी एटापल्लीला फोन करून हे सारे सांगितले. मैत्रिणीशी बोलणे झालेच, पण तिच्या वडिलांशीही बोलले. मोजलेले आकडे सांगितले. चूक तिची नव्हती, शिडीची होती, आणि खालची खाट मी तिला पहिल्याच दिवशी द्यायला हवी होती, हेही सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, "आता खालून किती?" मी दहा इंच म्हटले. दसऱ्यानंतर ते स्वतः तिला घेऊन आले.

आमच्या अधीक्षिका बाईंनी मापांचा कागद ठेवून घेतला होता. दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी वेल्डर बोलावून सगळ्या खाटांच्या शिड्यांना जमिनीपासून दहा इंचांवर एकेक रुंद पट्टीची पायरी जोडून घेतली आणि वर धरण्यासाठी कडी लावून घेतली. उतार देता आला नाही, तरी हाताला आधार आणि पायाला जमीन मिळाली. नव्यांनी वर झोपण्याचा नियमही मोडला आहे. आता चिठ्ठ्या टाकतो, आणि जिला वर भीती वाटते तिने सांगितले की पुरे, कारण विचारले जात नाही.

आम्ही बऱ्याच जणी आपापल्या घरातून कॉलेजात आलेल्या पहिल्याच आहोत. शिकून वर जावे असे आम्हाला सगळेच सांगतात आणि ते खरेही आहे. पण वर जाणाऱ्या वाटेवर शेवटची पायरी कोणाला पुरत नाही, हे ज्यांना सवय झाली त्यांनी वाकून मोजले पाहिजे. माझ्या वडिलांनी कॉलेजचे फाटकही ओलांडले नाही. तरी या वर्षी मी जे शिकले त्यातले पुष्कळसे त्यांनी फाटकाबाहेर बसून शिकविले. वाचकांपैकी ज्यांच्या घरी, वसतिगृहात किंवा शेतात वरचा पलंग असेल त्यांनी आज रात्री एक टेप घ्यावा आणि खालची पायरी जमिनीपासून किती उंच आहे ते पाहावे. वरच्या पायऱ्यांपेक्षा ते अंतर जास्त निघाले तर उद्या सुताराला बोलवावे.

— बी. ए. द्वितीय वर्ष